परक्या शिवेवरचा टाक

सोम. ३ नोव्हें.
आठ दिवस वही उघडली नाही, चुकलं. भातकापणीचं निमित्त. खरं तर लिहायची भीती वाटत होती. पोरगा विलास अमेरिकेला निघाला तेव्हा देव्हाऱ्यातला टाक, देवाचा ठसा उठवलेला चांदीचा पत्रा, मी पोह्यांच्या पिशवीत लपवून दिला. कुणाला विचारलं नाही. देव शिवेपार न्यायचा तर पलीकडच्या शिवेवरच्या चेड्याला, शीव राखणाऱ्या भुताला, आधी नारळ द्यावा लागतो. ते पोराला सांगायचं राहिलं.

बुध. ५
पुतणी सुमन किन्हवलीच्या शाळेत मास्तरीण. तिला म्हटलं, विलास राहतो त्या डेलावेअर राज्याची माहिती वाच. लिहून घेतलं ते असं: आपल्या जुन्या, पालघर धरून असलेल्या ठाणे जिल्ह्याहून राज्य लहान. जिल्हे तीनच. जमीन सपाट, समुद्राला टेकलेली. सगळ्यात उंच जागा माहुली गडाच्या अर्ध्यालाही येत नाही. माणसांपेक्षा कोंबड्या कितीतरी जास्त. विलास कोंबडीखाद्याच्या कारखान्यात मशीन बघतो, तेव्हा हे खरंच असणार. वरची हद्द कंपासनं काढल्यासारखी गोल. आपली शीव ओढा सांगतो, नाहीतर वड. गोल शिवेवर कोण उभा राहत असेल?
सुमन हसली. "काका, तिकडं चेडा नाय. त्याला व्हिसा कोण देतोय?"

शुक्र. ७
विलासला टाक सापडला. फोटो आला. अंगणाच्या टोकाला लाकडी खांब, त्यावर टाक ठोकलाय. मागं कापलेलं मक्याचं शेत. म्हणतो, देव बाहेर लावला, आता राखण तोच करील.
नारळाचं बोलायला तोंड उघडलं, जमलं नाही. लपवल्याची लाज.
फोटो मोठा करून पाहिला. शेतात लांब काहीतरी उभं आहे. सुमन म्हणाली बुजगावणं. पीक निघालेल्या शेतात बुजगावणं कशाला?

रवि. ९
सुमनला बळंच बसवलं, इतिहास वाचून घेतला. तिथं आधी लेनापे लोक. मग डच आले, मग स्वीडनचे, मग इंग्रज. देशाची घटना सगळ्यांत आधी मान्य केली ती याच राज्यानं. लेनापे बहुतेक लांब हाकलले गेले. मग आता तिथली शीव कोण बघतं, हे कुठंच लिहिलेलं नाही.
डचांनी किनाऱ्यावर वस्ती केली, विलासच्या घरापासून जवळच. आपल्या राज्याचं चिन्ह पत्र्यावर काढून खांबाला लावलं. एका लेनापेनं तो पत्रा नेला. डचांनी तक्रार केली. त्याच्याच माणसांनी त्याला मारलं. मग त्याच्या मित्रांनी डचांवर सूड घेतला. पुढच्या जहाजातली माणसं उतरली तर वस्तीच्या जागी जळका वासा आणि हाडं.
सुमननं मोबाइल उलटा ठेवला. मग म्हणाली, "जुनी गोष्ट आहे, काका."
खांब. पत्रा. मला पुढं ऐकवेना.

मंगळ. ११
संध्याकाळी विलासचा फोन. टाक गेला. खिळे जागच्या जागी, वाकलेसुद्धा नाहीत. यानं खांबावर चिठ्ठी लावलीय, वस्तीच्या ग्रुपवरही टाकलंय, ज्यानं नेला त्यानं परत द्यावा.
म्हटलं, "मागू नको रे. नेला त्याचा झाला. तू नुसता नारळ ठेव."
"बाबा, आजोबांच्या हातचा देव आहे तो. असा कसा सोडू?"
मग म्हणाला, थांबा, मागच्या दारी कुणीतरी आलंय, चिठ्ठी वाचूनच आलं असेल. फोन तसाच चालू ठेवून गेला. दार उघडल्याचं ऐकू आलं. बोलणं नाही. मग वारा, नुसता वारा, बराच वेळ. मग बंद.

शुक्र. १४
तीन दिवस झाले. निरोप पोचल्याच्या दोन खुणा दिसतात, निळ्या होत नाहीत. सुमन म्हणते डबल ड्यूटी असेल. पण आज ती हसली नाही.
आपल्या शिवेवर नारळ फोडून आलो. इथला नारळ तिकडं कोण धरतो.
हे पान सुमनकडून फोटो काढून पाठवतोय. विलास, टाक मी लपवून दिला. दोष माझा आहे, तुझा नाही. दारात आला असेल त्याला हे सांग, हातानं खुणा करून सांग. टाक त्याच्याकडेच राहू दे. आणि तू नुसतं 'आहे' एवढं लिहून धाड. आजच धाड, बाबा.