अकरावा शर्ट

आईच्या पायांवर डोकं ठेवून,

पत्र शेजारच्या काकूच वाचून दाखवत असतील, त्यांनाही नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर आहे.

आमच्या सिनेमात एकच नट आहे. भर समुद्रात होडीत अडकलेला. मला वाटलं, माझ्यासारख्या कपडेवाल्याला आराम! कसलं काय! एकाच शर्टाचे अकरा शर्ट, प्रत्येक आधीच्याहून जास्त फाटका. आयुष्यभर शिवलं, आता फाडायची नोकरी.

परवा गप्पांच्या नादात मी अकराव्याची उसवलेली बाही शिवून टाकली. तुझ्या मशीनखाली वाढलेला ना मी! सकाळच्या शूटिंगला फाटकी, दुपारी धड. काम थांबलं. म्हटलं, आता गाशा गुंडाळा. दिग्दर्शक बराच वेळ शर्ट बघत बसला आणि म्हणाला, "बरोबर आहे. जगायचं ठरवलेला माणूस शर्ट शिवणारच."

आता तो प्रसंगच घातलाय. नटाला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून जवळून दिसतात ते हात माझे. दोरा मात्र दातानेच तोडला, रागावू नकोस.

मोतीबिंदूचं ऑपरेशन सिनेमा लागायच्या आत करून घे. बघू-बघू पुरे झालं. चेहरा त्याचा, हात माझे. काकूंना थोडेच ओळखू येणार?

तुझा,
धाकटा