मी ‘विनोद’ अशी खूण केली

१४ मार्च

प्रिय दादा,

सा. न. आम्ही सगळे बरे आहोत. मुलीचे दुधाचे दात पडायला लागलेत, यांची बदली टळली. तुझी तब्येत विचारत नाही. विचारली की तू "ठणठणीत" म्हणतोस आणि वहिनी फोन ठेवून देते.

माझं नवं काम तुला सांगितलं होतं. लोक मोबाईलवर दारू-तंबाखूबद्दल जे लिहितात ते वाचायचं आणि प्रत्येक मजकुरापुढे खूण करायची: जाहिरात, बढाई, विनोद किंवा मदतीची हाक. "म्हणजे लोकांच्या चकाट्या वाचायची नोकरी!" असं म्हणून तू हसला होतास. नावं आधीच काढलेली असतात. एकच मजकूर दोघीजणी वेगवेगळा वाचतात. खुणा जुळल्या नाहीत तर समोरासमोर बसून ठरवायचं. माझ्या जोडीला एक निवृत्त नर्स आहेत.

परवा एक मजकूर आला. "बाबांच्या शिलाई मशीनचा खण, तोच, मुठीच्या जागी रीळ ठोकलेला, आता बाटल्यांना पुरतो. सकाळी आठला उघडतो. हात थरथरायचे थांबले की दुकान उघडतो. शिंप्याचा हात स्थिर हवा ना! हा हा हा." खाली दोनशे जण खिदळत होते. "भाऊ, मलाही एक शर्ट शिव." मेल्यांनो, तुमच्या घरात असा कोणी असता तर हसला असतात?

नर्सबाईंची खूण ‘मदतीची हाक’. माझी ‘विनोद’. त्या म्हणाल्या, "अहो, सकाळी हात थरथरतात म्हणतोय तो. वॉर्डात तीस वर्षं हेच बघितलंय मी." मी अर्धा तास हुज्जत घातली. "तुम्हाला कशात गंमतच दिसत नाही," असंही म्हणाले. शेवटी त्या दमल्या. विनोद ठरला.

आता खरं लिहिते. ते रीळ बाबांनी माझ्यासमोर ठोकलं होतं. तिथेच मी तुला ओळखलं. ओळखीच्या माणसाचा मजकूर आला तर कारण सांगून परत करायचा, हा आमचा नियम. माझा भाऊ पितो, हे सांगायची मला लाज वाटली रे. ते दोनशे जण निदान तुला ओळखत नव्हते.

पण तुझाही संताप येतो. दोनशे परक्यांना सांगितलंस, मला एक फोन करता आला नाही?

आज साहेबांना आणि नर्सबाईंना सगळं सांगितलं, खूण बदलून घेतली. लिहिणाऱ्याला गाठायची आम्हाला सक्त मनाई आहे. हे पत्र पेटीत पडलं की माझी नोकरी गेली. खड्ड्यात गेली ती नोकरी.

नर्सबाईंनी बजावलंय, मनाने एकदम बंद करू नकोस, फिट येते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. त्यांनी ओळखीचा डॉक्टर बघून ठेवलाय. शनिवारी सकाळी सातला मी दारात असेन. शिव्या घाल, दार आपट, वाट्टेल ते कर. फक्त माझ्यासमोर ठणठणीत असल्याचं सोंग करू नकोस. आता मी ते चालवून घेणार नाही.

तुला ओळखूनही गप्प बसलेली,
तुझी धाकटी बहीण