दुहेरी घडीची पिशवी

अप्पा, तुम्ही शिवून दिलेली वही आज पहिल्यांदा उघडली. इतकी वर्षं ती पेटीच्या तळाला, आईच्या गोधडीखाली पडून होती. निघताना तुम्ही म्हणाला होतात, "महिन्याला एक पान लिहीत जा, जास्त नको." मी एकही लिहिलं नाही. नववीत दोनदा नापास झालेल्या पोराला पत्र कसलं सुचतंय! इथून आखातातून शेजाऱ्यांच्या घरी फोन लावायचो, आईशी बोलायचो. तुम्ही तिच्या मागे उभे असायचात, खोकल्यावरून कळायचं. "अप्पांना देऊ?" ती विचारायची. आणि मी दर वेळी म्हणायचो, "राहू दे, नाणी संपत आलीत." खिशात नाणी असायची, अप्पा. आज वही चाळताना एका पानावर हात थांबला. त्या पानाचं सांगतो, पण आधी बाकीचं सांगू द्या. सरळ मुद्द्यावर यायची सवय मला कधीच नव्हती, तुम्हाला ठाऊक आहे.

कोपरखैरण्यातली आपली पुढची खोली मला वासासकट आठवते. शाईचा वास, आणि आत स्टोव्हवर शिजणाऱ्या खळीचा. तुमचं बैठं मेज खिडकीला लावलेलं, म्हणजे उजेड असेस्तोवर दिवा लावायला नको. पेन्सिल बोटभर उरली की तिला वेताच्या नळीत बसवून अजून महिनाभर चालवायचात. व्यापाऱ्यांकडून आलेली पाकिटं अलगद उकलायची, उलटी करून चिकटवायची, आणि त्यांचेच कागद त्यांतून परत. बाजारात लोक फिरकी घ्यायचे. "काय हिशेबनीस, आमचंच पाकीट आम्हाला? लग्नातला आहेर पण असाच फिरवता की काय?" तुम्ही हसून म्हणायचात, "फिरवतो की. तुमच्या पोराच्या लग्नात बघा." पण वह्या अशा चोख ठेवायचात की कांदा-बटाट्याच्या बाजारातले सात-आठ गाळेवाले तुमची असली खुळं चालवून घ्यायचे. सायकलच्या दांडीला कापडी पिशवी अडकवून तुम्ही तुर्भ्याच्या बाजाराला निघालात की मी गल्लीतल्या पोरांकडे पाठ करून उभा राहायचो. त्यांच्या बापांकडे स्कूटर होती. माझ्या बापाकडे काय, तर आंघोळीच्या पाण्यावर पोसलेली केळ.

एकदा ओहोटीच्या वेळी तुम्ही मला खाडीवर घेऊन गेलात. तिवरांच्या मुळ्यांना पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, निळ्या, गुलाबी, चिखलाने माखलेल्या. मला वाटलं आता भाषण होणार. तुम्ही नुसते वाकलात आणि एक पिशवी ओढायला गेलात. ती सुटेना, आणि तुमची चप्पल मात्र चिखलात गेली. एका पायात चप्पल घालून घरी आलात आणि आईला म्हणालात, "जरा खळ शिजव." "अहो, भाकरी व्हायच्यात अजून." "भाकरी होऊ दे, मग शिजव." त्या दिवसापासून आपण तिघं संध्याकाळी स्वयंपाकघरात फरशीवर बसून रद्दीच्या पिशव्या करायला लागलो आणि भाजीवाल्यांना फुकट वाटायला लागलो. खाडीकडच्या गावातली ती मासळीवाली मावशी म्हणाली होती, "दादा, तुजी पिशवी भाजीला बरी हाय, पन माज्या मावऱ्याला नाय चालायची. पान्यान फाटते ना!" तुम्ही म्हणालात, "मग तुम्ही कशात देता?" "पानात. माजी आय पन पानातच देत व्हती." तुम्ही घरी येऊन आईला दोनदा ते ऐकवलंत. माझी पहिली पिशवी फुटून कुणाची तरी वांगी गटारात गेली होती, म्हणून मी बूड दोनदा दुमडायला लागलो. तुम्ही दोघं एकदाच दुमडायचात. "ह्याची पिशवी अंधारातसुद्धा ओळखू येईल," तुम्ही म्हणायचात.

एक कागद मात्र पिशवीला लावायचा नाही असा तुमचा नियम. व्यापाऱ्यांच्या कच्च्या हिशेबाचा. काम झालं की तो उभा-आडवा फाडायचा, रात्रभर बादलीत भिजवायचा आणि लगदा केळीच्या आळ्यात. पाठ कोरी असली तरीही. कोरा कागद वाया गेलेला तुम्हाला फक्त तिथे चालायचा. "आकडे म्हणजे माणसाच्या घरातलं बोलणं आहे," तुम्ही म्हणायचात, "ते आपल्या दाराबाहेर जायचं नाही." फाडायचं आणि भिजवायचं काम माझ्याकडे होतं.

आई गावाला, साताऱ्याकडे लग्नाला गेली होती तो दिवस. तुम्ही सायकलवर टांग टाकता टाकता मला दोन कामं सांगितलीत. गठ्ठा फाडून भिजत घाल, आणि बाजाराच्या फाटकावरच्या शेंगदाणेवाल्याला पन्नास पिशव्या करून दे. मैदानावर पोरं थांबली होती, टेनिस बॉलची मॅच होती. रद्दी बघतो तर संपलेली, मागायला चार घरं फिरायला लागणार. आणि समोर तो गठ्ठा. ताठ कागद, कोऱ्या पाठी. मी लिहिलेली बाजू आत घेतली आणि कोरी बाहेर. दोन कामांचं एक झालं. पिशव्या अशा पांढऱ्या स्वच्छ दिसत होत्या की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मी विसरलो नव्हतो, अप्पा. नियम मला पाठ होता. आतली बाजू कोण बघतंय, असं म्हणालो आणि मॅचला पळालो.

पण शेंगदाणे संपले की आपल्याकडे माणूस हातातला कागद उलगडून वाचतोच. तिसऱ्या दिवशी, ज्याचे ते हिशेब होते तो गाळेवाला दारात उभा. चप्पलही काढली नाही. पिशवी तुमच्या मेजावर आपटून म्हणाला, "माझा माल कुणाकडून येतो, काय भावाने येतो, सगळं शेजारच्या गाळेवाल्याने शेंगदाणे खाता खाता वाचलं! मला वाचून दाखवत होता, हसत हसत!" तुम्ही पिशवी उचललीत. आत बघितलंत. मग उलटी करून बूड बघितलंत. फार वेळ बघत होतात. मी आतल्या दाराशी उभा होतो, हातात पाण्याचा तांब्या. मग तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे, शेट. घाईत गठ्ठे बदलले माझ्याकडून."

"तुमची ती झाडं-बिडं घरात ठेवा हो! कागद वाचवता वाचवता माझा धंदा बाहेर काढलात."

तुम्ही मान खाली घातलीत. मी तांब्या पुढे केला, त्याने पाणी घेतलं नाही. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी केलं, एवढंच तर बोलायचं होतं.

दिवाळीपर्यंत एकेक करत पाच जण आपल्या वह्या परत घेऊन गेले. तुम्ही प्रत्येकाच्या वह्या धुतलेल्या फडक्यात बांधून दिल्यात. बाजारात बोललं जायला लागलं की कागद उलटे-सुलटे वापरणाऱ्याकडे हेच होणार. हेच मला अजून टोचतं. तुमच्या पद्धतीत काही खोट नव्हती, असं होऊ नये म्हणूनच तर तो नियम होता. नाव मात्र पद्धतीचं खराब झालं. एका संध्याकाळी आईने विचारलं, "खळ शिजवू?" तुम्ही म्हणालात, "नको." बस, संपलं. शेंगदाणेवाल्याने प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या. तुम्ही एका गोदामात मालाच्या नोंदी करायला जायला लागलात, ट्यूबलाइटखाली, दिवसाउजेडी. मला एक शब्द बोलला नाहीत. ओरडला असतात तर मी राहिलो असतो की काय, माहीत नाही. वर्षाच्या आत एजंट गाठला आणि इकडे आलो. लोक समजले पोरगा कमवायला गेला. मी पळालो होतो.

तुमच्या छातीत कळ आली तेव्हा माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. सुटायला नऊ दिवस लागले. घरी पोचलो तेव्हा तुम्ही नव्हतात, मेजावर वेताची नळी तशीच होती, आत पेन्सिलीचा नखाएवढा तुकडा.

इथे आमच्या कॅम्पला तारेचं कुंपण आहे. वाऱ्याने वाळवंटातल्या सगळ्या पिशव्या येऊन त्याला चिकटतात आणि दिवसभर फडफडतात. सुट्टीच्या दिवशी मी त्या काढतो. सोबतचे म्हणतात, "येडा झाला काय रे? कल फिर आयेगी." येतातच.

तर ते पान. वही तुम्ही जाहिरातींच्या, परिपत्रकांच्या, जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठींची केलीत, सुतळीने शिवलीत. सगळी पानं तशीच आहेत. एक सोडून. त्याच्या एका बाजूला तुमच्या बारीक अक्षरात त्या गाळेवाल्याचा हिशेब आहे. कडेला खळ वाळून पिवळी झालीय. आणि खालच्या अंगाला घडीच्या दोन रेघा आहेत, जवळजवळ.

म्हणजे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. तो दारात उभा असतानाच. आणि मग ते पान फाडलं नाहीत, भिजवलं नाहीत. स्वतःचा नियम मोडलात आणि कोरी बाजू मला लिहायला दिलीत.

हे सगळं तिथेच लिहायला हवं होतं. दोनदा पेन टेकवलं, हात पुढे गेला नाही. मग इथल्या कंपनीच्या गोदामातून नवे कागद उचलले आणि एकाच बाजूने लिहिलं, तुम्हाला आवडलं नसतं. धाडायला पत्ताही नाही. उद्या सुट्टी आहे. हे कागद उभे-आडवे फाडीन, बादलीत भिजत घालीन, पाठी कोऱ्या असल्या तरी. ते काम माझ्याकडे राहिलंय. नियमाने वहीतलं ते पानही फाडायला हवं. तेवढं माझ्याच्याने होणार नाही, अप्पा.