कॉलरमागचे देश

रविवार, ९ जुलै

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. फोनवर तुझ्याशी वरवरचंच बोललं जातं, म्हणून आज पत्र लिहितोय.

काल नववीला जागतिकीकरण शिकवायचं होतं. व्याख्या वाचली, तर निम्मा वर्ग पेंगायला लागला. शनिवारी गणवेशाला सुट्टी असते. मग पुस्तक मिटलं आणि म्हटलं, शेजारच्याच्या कॉलरमागच्या पट्टीवर कपडा कुठल्या देशात शिवलाय ते वाचा. एकच गोंधळ! बघता बघता फळा देशांच्या नावांनी भरला.

मला आपलं दुकान आठवलं. मुलांना सांगत सुटलो. कापायच्या टेबलाखाली आपण दोघं चिंध्यांचं घर करून बसायचो. बाबांच्या ओठांत टाचण्या, त्यामुळे धड रागावताही यायचं नाही, नुसतं हूं हूं. मुलं खूप हसली. मग समोर तयार कपड्यांचं दुकान आलं. गिऱ्हाइकं उसवलेलं शिवायला तेवढी यायची, पुढे तीही येईनाशी झाली. त्याच वर्षी तू नर्सिंगला गेलीस आणि तिथून परदेशी.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी उभी राहिली.

"सर, माणसंपण यात येतात का? माझी आई परदेशात एका आजींना सांभाळते. आमच्या आजीला मी सांभाळते."

येतात, म्हटलं. फळ्यावर 'माणसं' लिहिलं.

ताई, सगळं ठीक नाही. वर्ष झालं, बाबा विसरायला लागलेत. सुरुवातीलाच त्यांनी मला बजावलं होतं, "तिला कळवू नकोस, जीव टांगणीला लागेल तिचा." आता ते बजावलेलंही विसरलेत, मी मात्र पाळत बसलोय. आता घास भरवावा लागतो. मला ते दुकानातला कारागीर समजतात, काजं नीट कर म्हणतात. मीही बरं म्हणतो.

तुला मात्र ते विसरलेले नाहीत. काल संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसले होते. आत चला म्हटलं, तर म्हणाले, "पोरगी शाळेतून यायचीय अजून."

येईल, म्हटलं. तेव्हा कुठे उठले.

तुला न विचारताच तुझ्या वतीने शब्द देऊन बसलेला,
तुझा धाकटा