सूचना तीनदा दिली

दि. १९, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. हिची कंबर धरली आहे, पण तोंड ठणठणीत चालतं. भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? मी यायला हवं होतं. रजा मिळत नाही म्हणालो, ते काही खरं नव्हतं. तुझ्यासमोर यायचा धीर नव्हता.

चिऊला पकडलं त्या दिवशी तू फोन केलास आणि मी म्हणालो, सूचना तीनदा दिली होती. चिऊ नाही म्हणत होती, तरी तू माझं ऐकलंस, पोटच्या पोरीला खोटारडी ठरवलंस आणि तिच्याशी बोलणं टाकलंस. हे ऐकलं म्हणून आज लिहायला बसलो.

चौकातला रस्ता अडवायचा नाही, हा कायदा सगळ्यांना एकच. कोणी अडवला तर मी भोंग्यावरून दहा-दहा मिनिटांनी तीन सूचना द्यायच्या, मगच धरपकड. सोमवारी दुकानदार रस्त्यात बसले. आमचे ठाण्याचे साहेब म्हणाले, बसू दे, आपलीच माणसं आहेत. चार तास गाड्या तुंबल्या. मी सूचना तर दिली नाहीच, वर त्यांना पाणी नेऊन दिलं. खरं सांगू? बरं वाटलं. पोलिसानं असंच असावं, असं वाटलं.

गुरुवारी त्याच जागी चिऊच्या रुग्णालयातल्या नर्सेस बसल्या, कामाचे तास कमी करा म्हणून. दुकानदारांच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. चिऊ मला बघून हसली. मी मान वळवली.

आता जे फोनवर गाळलं ते. सूचनांच्या वेळा मी ठाण्यातून निघतानाच कागदावर लिहून ठेवतो, कारण तिथं गडबडीत भान राहत नाही. अकरा दहा, अकरा वीस, अकरा तीस. वीस वर्षं हेच चाललंय, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. गुरुवारी मी पहिली सूचना दिली आणि साहेबांनी लगेच उचला म्हणून हात केला. बायकांना ओढून गाडीत घालायला सुरुवात झाली. चिऊ ओरडली, "मामा, अजून दोन राहिल्यात ना?" हा नियम तिला लहानपणी मीच सांगितला होता. मी भोंगा खाली केला.

साहेबांना विचारलं, सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं, असं कसं? ते म्हणाले, "माणूस बघून वागावं लागतं." तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय. माझं सोमवारी चुकलं की गुरुवारी? सोडलं ते चूक, की धरलं ते? दोन्ही दिवशी मी साहेबांनी सांगितलं तेच केलं.

मंगळवारी रुग्णालयात तिची चौकशी आहे. माझा तो कागद तिथं पोचलाय, तीन सूचना देऊनही उठली नाही म्हणून तिची नोकरी जाईल. मला बोलावलं तर तोंड उघडेन की नाही, माझा मलाच भरवसा नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो: सूचना एकदाच दिली होती. पोरगी खरं बोलतेय.

हे पत्र माणसाहाती पाठवतोय, मंगळवारच्या आत तिच्या हातात दे. कुणाला दाखवायचं ते तिनं ठरवावं. तुला लिहिताना नावाखाली कधी हुद्दा-बिल्ला घालत नाही, आज घालतो.

तुझा भाऊ,
हवालदार, बिल्ला क्रमांक ४१७