पाटावरचा उजेड

दाना ओली, ग्वाल्हेर
१ ऑक्टोबर २०२४

चि. राघव यास आत्याचे अ. उ. आ.

फोनवर मी तापले की नेमकं तुझं नेटवर्क जातं, म्हणून पत्र. कागद मध्येच कापता येत नाही.

पुण्यात बसून तू न्हाणीघराचा नकाशा काढलास आणि नई सडकच्या गोविंद मिस्त्रीने तो मुकाट्याने बसवला. छतात तीन पांढरेशुभ्र दिवे, भिंतींना चकचकीत फरशी. नुसतं ऑपरेशन थिएटर! आणि तुझी आई, आमची शामला वहिनी, रोज पहाटे आत जाते, कडी लावते आणि बत्ती बंद करून अंधारात अंघोळ करते. गुरुवारी पाय घसरला, गुडघा सुजला. विचारलं तर एकच उत्तर, की उजेड डोळ्यांत घुसतो. मी म्हटलं, वहिनी, तो उजेड आहे की चोर? तर तोंड फिरवून बसली.

फूलबाग मैदानावरच्या सभेत मी तासभर बोलले तरी माणसं जागची हलत नाहीत. घरात मला एक बटण चालू ठेवून घेता येत नाही! त्यात तुझं फर्मान, की चौदा तारखेपासून आईला अंघोळ घालायला बाई येणार. वहिनी धड जेवत नाही. म्हणते, आता कडीसुद्धा माझी राहिली नाही.

जीव लावते म्हणूनच चिडते, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
सीमंतिनी आत्या

पुणे
७ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास कृ. शि. सा. न.

कान धरूनच पत्र वाचलं. पण आत्या, उजेड मी मापून दिला आहे. मे महिन्यात तिथेच उभा राहून दाढी केली, एकेक केस दिसत होता. आई बिलाच्या धाकाने बंद करते. लहानपणी आम्ही खोलीतून निघायच्या आधीच ती बत्ती विझवायची. हवं तर गोविंदला चौथा दिवा लावायला सांगतो.

बाई मात्र येणारच. उद्या हाड मोडलं तर मी तिकडे पोचेपर्यंत काय? मला इथे झोप लागत नाही गं. तुझ्या भाषणाने सभा हलतात, आईला तेवढं समजाव.

रागावर थोडं पाणी ओत, लोभ मात्र कोमट होऊ देऊ नकोस.

तुझा,
राघव

दाना ओली, ग्वाल्हेर
१५ ऑक्टोबर २०२४

चि. राघव यास अ. उ. आ.

चौथा दिवा! वाचून इतकी भडकले की तशीच उठले, तिन्ही दिवे लावले आणि साडी-चष्म्यासकट वहिनीच्या पाटावर जाऊन बसले. तोंड पूर्वेला, ती बसते तसं. राघव, मला काही दिसेना. समोरच्या फरशीतून तिन्ही दिवे थेट डोळ्यांत. खाली वाकले तर माझ्याच डोक्याची सावली बादलीवर. तांब्या कुठे, साबण कुठे, पत्ता नाही. बत्ती बंद केली तेव्हा कुठे डोळे निवले.

तू उभं राहून दाढी केलीस. तुझ्या नकाशातला माणूसही उभाच आहे. या घरात सगळी पाटावर बसून न्हातात, तूही तिथेच बसून वाढलास, आणि कागदावर पाट काढायचा तेवढा राहिला. वहिनी सरळ शब्दांत सांगत होती. आपण दोघं तिला उत्तरं देत बसलो.

गोविंदला त्याच दिवशी बोलावलं. छतातल्या दिव्यांचं बटण वेगळं केलं, ते दाढीवाल्यांसाठी. पाटाच्या डाव्या भिंतीवर दुधी काचेचा पिवळसर दिवा, पाणी आत न शिरणारा. उंबऱ्यापाशी एक लहानसा. गोविंद विचारत होता, एकदा भैयाजींना विचारायचं का. मी सांगितलं, आधी भैयाजींना पाटावर बसवू, मग विचारू. दिवाळीला येशील तेव्हा अभ्यंगाला तिथेच बसायचं आहे तुला.

काल तुझी बाई आली. वहिनीने तिला चहा दिला, खुर्चीवर बसवलं आणि कपडे घेऊन स्वतः आत गेली. आतून कडी लागली. मी बाहेर कान लावून उभी, आता बटण वाजेल, मग वाजेल. वाजलं नाही. दाराखालची उजेडाची पट्टी अंघोळ होईपर्यंत तशीच होती.

बाईला परत वहिनीनेच पाठवलं. तू रुसलास तरी चालेल, माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सीमंतिनी आत्या