दालचिनीचं तोरण

निघोजे,
रविवार, दुपारच्या चहाची वेळ (चहा स्वतः केलेला, त्यामुळे नुसतीच वेळ)

तीर्थस्वरूप दत्तोबादादांस,

सयाजीचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. हिरवी पट्टी जाऊन आता काळा चष्मा आला असेल. त्या चष्म्यात तुम्ही कोरेगावच्या बाजारातून निघालात की लोक वळून बघतील, फक्त तुम्हाला ते दिसणार नाहीत. डॉक्टरांनी वाचायचं नाही म्हणून बजावलंय, ते पाळा. हे पत्रसुद्धा स्वतः वाचू नका, कोणाकडून तरी वाचून घ्या. सुमनवहिनींचा चष्मा सापडला का?

तुमच्या डोळ्यासाठी म्हणून तुमची बहीण, म्हणजे आमची इंदू, तिकडे आली. डोळा बरा झाला, इंदू परतली नाही. फोन केला की तुम्ही उचलता आणि सांगता, इंदू देवळात गेलीय. दादा, इतकी भक्ती तिने इथे कधी केली नाही. इथल्या देवाला वाईट वाटत असेल. तुम्हाला तिने काय सांगितलंय कोण जाणे, म्हणून खरी हकीकत मी सविस्तर कळवतो. (वाचणाऱ्याने मध्येच ‘हं’, ‘खोटं’ असे उद्गार घालू नयेत.)

सुरुवात झाली आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एका सकाळी तिथे दालचिनीचे गुण आले. साखर उतरते, सांधे सुटतात, मुंग्या पळतात, घर सुगंधी होतं आणि कलाकुसर करता येते. मी वाचतच राहिलो. दालचिनीची कांडी कधी हातात घेऊन बघितलीय का, दादा? दोन्ही बाजूंनी आत वळलेली, जणू एखाद्या राजाने खलिता अर्धा वाचून गुंडाळून ठेवलाय. नाकाशी धरली की मलबारच्या किनाऱ्यावर गलबतं लागतात, शिडं फडफडतात... (बाहेर चाकणचा कांद्याचा ट्रक हॉर्न वाजवत गेला, गलबतं परत गेली.) शाळेत आमचे मास्तर कविता चालीवर म्हणून घ्यायचे, तेव्हापासून मला ही सवय आहे. वस्तू दिसली की तिच्यामागचं सगळं दिसतं. फक्त वस्तू कुठे ठेवायची ते दिसत नाही, असं इंदूचं म्हणणं.

आरोग्यापासून आरंभ केला. रोज सकाळी काढा. आमचा चिरंजीव गणराज पहाटेच्या शिफ्टला जातो, त्याला पेलाभर पाजून कंपनीच्या बसमध्ये बसवला. एप्रिलचा महिना आणि पोटात दालचिनी. बसमधल्या पोरांनी त्याला विचारलं म्हणे, “भावा, भट्टी कंपनीत आहे का तुझ्यात?” मग स्वयंपाकाकडे वळलो. पोह्यांत चिमूटभर घातली, कोणी काही बोललं नाही. त्यामुळे धीर चेपला आणि पिठल्यात घातली. इंदूने एक घास घेतला, ताट सरकवलं आणि लोणच्याशी भाकरी खाल्ली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसरी पायरी कलाकुसरीची. पाडव्याचं तोरण सुकून गेलं होतं. मी दालचिनीच्या कांड्या दोऱ्यात ओवल्या, मधे मधे वाळलेल्या संत्र्याच्या चकत्या लावल्या. चिकटवायला डिंक घेणार होतो, पण मनात आलं की खाण्याच्या वस्तूला डिंक कशाला फासायचा? म्हणून गुळाचा पाक केला. (ही माझी स्वतःची सुधारणा, ग्रुपवर नव्हती.) तोरण इतकं देखणं झालं की मी खुर्ची टाकून त्याच्याखाली बसलो आणि एक कवितासुद्धा सुचली. दुपारी शेजारच्या गोजाबाई ताकाचं भांडं परत द्यायला आल्या, उंबऱ्यातच थबकल्या.

“आजोबा, मुंग्यांची जत्रा भरलीया की दारात!”

मी म्हटलं, “गोजाबाई, दालचिनीने मुंग्या पळतात.”

“व्हय, पळत्यात की. पर आत.”

आता त्या मुंग्या ग्रुपवर नाहीत, त्यांना कोण सांगणार?

एवढ्यावर निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाच्या मसाल्याचा बेत होता. तुम्हाला ठाऊकच आहे, इंदूचा काळा मसाला म्हणजे आमचं घर, दोन्ही लेकी, आणि तुमचंही घर, सगळ्यांची वर्षभराची चव. मिरच्यांचे देठ काढून झालेले, धणे-खोबरं भाजून तयार, कांडपवालीकडे नंबर लावलेला. इंदूने दालचिनीचा डबा उघडला. डब्यात वास होता. बाकीची दालचिनी दारावर होती, तीही मुंग्यांनी भरलेली.

ती रागावली नाही. दारावर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आता तुमच्या कवितेलाच फोडणी द्या.” संध्याकाळी तिला आठवण झाली की दादाचा डोळा आहे.

मी स्वस्थ बसलो असं समजू नका. उन्हातान्हात चाकणला मन्सूरभाईंच्या दुकानात गेलो. दरवर्षी मसाल्याचं सामान त्यांच्याकडूनच येतं. म्हटलं, इंदूला लागते तशी दालचिनी द्या. ते म्हणाले, “काका, देतो की. पण काकू स्वतः कांडी मोडून, चावून घेतात. आणि तुम्ही काय करता?” मी म्हटलं, मी बघतो. मन्सूरभाई हसले, “मग चहा घ्या आणि काकूंना घेऊन या.” चहा उत्तम होता. दालचिनी नव्हती त्यात, मी विचारलं.

तर असं आहे. प्रकृतीची काळजी घ्या, वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
सयाजी

ता. क. मिरच्या तयार होऊन पडल्या आहेत. हवा दमट झाली तर बुरशी धरेल आणि वर्षभर सगळ्यांना विकतचा मसाला खावा लागेल. तुम्हालाही. तेव्हा इंदूला पाठवा. हे निव्वळ मिरच्यांसाठी म्हणतोय.

ता. ता. क. तोरणाखाली सुचलेली कविता तुमच्या मनोरंजनासाठी देतो :

साल असूनी झाडाची तू, मान तुला गे मसाल्यात;
मी तर अख्खा नवरा असुनी, जागा माझी व्हरांड्यात.

(ही चालीवर म्हणावी.)

आणखी एक. इंदू, सुमनवहिनींचा चष्मा कधीच सापडत नाही आणि दादांना वाचायची बंदी आहे, तेव्हा हे सगळं तूच मोठ्याने वाचते आहेस, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. आता इथून पुढचं मनात वाच. मिरच्यांना काही झालेलं नाही. मी रोज उन्हात घालतो, संध्याकाळी आत घेतो. गणराजला डबा सूनबाई करून देते. मुंग्याही निघून गेल्या, त्यांना माझा स्वयंपाक मानवला नाही. घरात तक्रार करायला कोणी उरलेलं नाही, त्यामुळे फार शांत आहे. तू ये.

दादांनी विचारलं, शेवटी काय लिहिलंय, तर सांग, डोळ्यात औषध वेळेवर घाला म्हणून लिहिलंय.